घरच्या लेथला नवं सामान बसवताना: आधी घट्टपणा, मग माप, मग सोय



1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, जाळी पडवीत. या 61 दिवसांत जी डागडुजी होते ती होते, राहिली तर पुढच्या हंगामात दर्यातच कळते. शाफ्ट काढायचा, बुश बघायचा, ग्लँडची दोरी बदलायची, पंपाची पिन, विंचचा रोलर. आणि याच दिवसांत शहरातल्या टर्नरकडे सगळ्या बंदरांची रांग. एका बुशसाठी आठ-आठ दिवस थांबावं लागतं.

म्हणून आपल्यातल्या काही घरांनी छोटा लेथ घेतला आहे. कुणाचा टेबलावर बसणारा मिनी लेथ, कुणाचा पट्ट्यावर चालणारा साडेचार फुटी जुना देशी लेथ. चांगलीच गोष्ट आहे. पण मशीन घरी आलं की लगेच मोबाईलवर सामान दिसायला लागतं. नवा टूल पोस्ट, मोठा चक, आकडे दाखवणारा डीआरओ, स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. काय घ्यायचं, कशाच्या आधी काय, आणि घेतलं तर बसवायचं कसं, हे बऱ्याच जणांनी ऑफिसात येऊन विचारलं. म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, पण लेथ असलेल्या घराने शेवटपर्यंत वाचावी.

आधी आपलीच चूक सांगतो

मागच्या हंगामात आपल्या एका सभासदाने स्टर्न ट्यूबचा गनमेटल बुश घरच्या लेथवर केला. त्याने पहिल्यांदा पैसे घातले होते डीआरओवर, म्हणजे मापाचे आकडे दाखवणाऱ्या मीटरवर. बुश दिसायला चकाचक. आतलं माप बरोबर, बाहेरचं माप बरोबर. दाबून बसवला, बोट उतरवली.

तिसऱ्या फेरीला बोट थरथरायला लागली. ग्लँड तापला, दोरी जळली, आणि शाफ्टच्या बाजूने पाणी आत यायला लागलं. पंप चालू ठेवून, दुसऱ्या बोटीच्या दोराला बांधून परत आणली. चार खलाशी होते वर. वारा शांत होता म्हणून निभावलं.

बुश काढून बघितला तर चूक कळली. त्याने आधी आतलं भोक केलं, मग जॉब चकमधून काढला, उलटा धरला आणि बाहेरून टर्निंग केलं. पण थ्री-जॉ चक जुना. दुसऱ्यांदा धरला तेव्हा जॉब आऊट फिरत होता. म्हणून भोक एका सेंटरवर आणि बाहेरचा गोल दुसऱ्या सेंटरवर. दोन्ही मापं खरी, पण बुशची जाडी एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. शाफ्टची लाईनच हलली, मग इंजिनाच्या कपलिंगशी ती कशी जुळणार?

मीटरने हे दाखवलं नाही. मीटर फक्त स्लाईड किती सरकली ते सांगतं. जॉब कसा धरलाय ते त्याला कळत नाही.

ग्वाल्हेरच्या काकांनी काय दाखवलं

दिवाळीनंतर आमच्यातले दोघं एका लग्नाला ग्वाल्हेरला गेले. सभासदाच्याच घरची मुलगी तिथल्या मराठी घरात दिली. शहराच्या लष्कर भागात अशी मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शिंद्यांच्या फौजेची छावणी तिथे पडली, त्यावरून त्या भागाचं नावच लष्कर झालं. लग्नघराशेजारी एक वयस्कर काका राहतात. त्यांच्या मागच्या खोलीत एक छोटा लेथ, तेलाने पुसलेला, वर गोधडीचं आवरण. बुशची गोष्ट निघाली आणि दोघं त्या खोलीतच बसले.

ग्वाल्हेर ते श्योपूर अशी सुमारे 200 किलोमीटरची छोटी गाडी तिथे होती. दोन रुळांमधलं अंतर फक्त 2 फूट. शिंदे सरकारच्या काळातली ती लाईन 2020 पर्यंत चालली, मग मोठ्या रुळांचं काम निघालं. काकांचं म्हणणं सोपं होतं. अशा जुन्या आणि वेगळ्या मापाच्या गाड्यांचं सामान बाजारात मिळत नाही. बुश, पिन, बोल्ट लेथवरच करावे लागतात, आणि केलेला नग चुकला तर गाडी रानात उभी राहते. आपल्या बोटीचंही तसंच. फरक एवढाच की रानातून चालत परत येता येतं.

आपल्या माणसाने विचारलं, "काका, आम्ही पहिलं काय घ्यावं?"

ते म्हणाले, "लेथला दागिने नंतर घाला. आधी त्याचे पाय बघा."

पुढचा क्रम त्यांच्याकडून शिकलेला आहे आणि आम्ही आपल्या दोन मशीनवर करून बघितलेला आहे. आधी घट्टपणा, मग माप, मग सोय.

पहिलं काम: पैसे न घालता होणारं

मिनी लेथ रबरी पायांवर येतो. रबर काढा. जड टेबलाला, निदान दोन इंची फळीच्या वर लोखंडी पट्टी देऊन, बोल्टने कसा. मोठा लेथ असेल तर सिमेंटच्या कोब्यावर, चारही पाय टेकलेले हवेत. बोल्ट कसताना बेडला पीळ बसतो, हे लक्षात ठेवा. एक पाय अधांतरी असताना जोरात कसला तर बेड वाकतो आणि जॉब निमुळता निघतो.

पीळ आहे का ते असं बघा. 25 ते 30 मिमीचा गज फक्त चकमध्ये धरा, टेलस्टॉक लावू नका. चकच्या तोंडाशी आणि 100 मिमी पुढे, अशा दोन पट्ट्या सोडून मधलं मटेरियल थोडं कमी करा. आता एकाच सेटिंगला, क्रॉस स्लाईडला हात न लावता, दोन्ही पट्ट्यांवर अगदी बारीक कट घ्या. मायक्रोमीटरने मोजा. दोन्ही सारखे आले तर बेड ठीक. 0.02 मिमीपेक्षा जास्त फरक आला तर टेलस्टॉककडच्या एका पायाखाली पातळ पत्री घालून पुन्हा कट घ्या. फरक वाढला तर पत्री दुसऱ्या पायाखाली. जुने टर्नर थाऊमध्ये बोलतात. 1 थाऊ म्हणजे साधारण 0.025 मिमी, माणसाच्या केसापेक्षा पातळ.

मग जिब पट्ट्या. क्रॉस स्लाईड आणि वरची कंपाऊंड स्लाईड हाताने हलवून बघा. डगडगत असतील तर जिबचे स्क्रू एकेक करून थोडे कसा. स्लाईड सगळीकडे सारखी, जराशी जड सरकली पाहिजे. शेवटी चकमध्ये धरलेल्या गजाला डायल गेज टेकवून तो गज हाताने वर-खाली उचला. काटा बराच हलला तर स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये प्ले आहे. तो काढल्याशिवाय एकही नवी वस्तू घेऊ नका. ढिल्या मशीनवर बसवलेलं महाग सामान फक्त महाग थरथर देतं.

दुसरं: चक

थ्री-जॉ चक पटकन धरतो, पण जुना झाला की खरा धरत नाही. फोर-जॉ चकमध्ये चारही जबडे वेगळे चालतात. वेळ लागतो, पण डायल गेज लावून जॉब हवा तेवढा ट्रू करता येतो. समोरासमोरच्या एका जोडीपासून सुरुवात करा. चक हाताने फिरवा, काट्याचं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी रीडिंग बघा. फरकाच्या निम्मा जॉब सरकवायचा. एक जबडा ढिला, समोरचा घट्ट. मग दुसरी जोडी. चार-पाच वेळा केलं की हात बसतो.

नवा चक बसवायला मागे बॅकप्लेट लागते, आणि खरं काम तिथेच आहे. चक आणि बॅकप्लेट आणून नुसते बोल्ट मारले असं चालत नाही.

स्पिंडलचं तोंड आणि आटे कापडाने पुसा. एक कीस जरी मध्ये राहिला तर सगळं आऊट. बॅकप्लेट स्पिंडलवर चढवा आणि आपल्याच मशीनवर तिचं तोंड फेसिंग करून घ्या. मग चकच्या मागच्या खाचेत बसेल अशी पायरी टर्न करा. शेवटी 0.02-0.03 मिमीचे कट घेत चक लावून बघत जा. चक हाताने, जरा दाबून, न डगडगता बसला पाहिजे. एकदा जास्त कापलं गेलं तर परत येत नाही. बोल्ट समोरासमोरचे थोडे-थोडे करून कसा.

मोठा चक घ्यायचा मोह होतो. आधी जबडे पूर्ण उघडून ते बेडला किंवा कॅरेजला लागतात का ते हाताने फिरवून बघा. मोठ्या चकचं वजन छोट्या मोटरला आणि बेअरिंगला जड जातं. चकवर जास्तीत जास्त किती फेरे ते छापलेलं असतं, त्याच्या वर कधी जाऊ नका. ज्या मशीनवर चक आट्यांवर चढतो, तिथे मोटर उलटी फिरवून कट घेऊ नका. चक उघडून अंगावर येतो. चक काढताना-चढवताना बेडवर लाकडी फळी ठेवा. बेडही वाचतो, बोटंही.

बुश करायची खरी रीत: यात काही विकत घ्यायचं नाही

आपल्या सभासदाची चूक ज्याने टळली असती ते हे. शक्य असेल तिथे जास्त लांबीचा तुकडा धरा, बाहेरचं टर्निंग आणि आतलं बोअरिंग एकाच सेटिंगमध्ये करा आणि मग कापून वेगळा करा. जॉब मध्ये काढायचाच नाही.

लांबीमुळे ते जमत नसेल तर मँड्रेल करा. आधी बुशचं भोक पूर्ण मापाला आणा. मग दोन्ही टोकांना सेंटर मारलेला एक गज दोन सेंटरमध्ये धरून भोकाच्या मापाला टर्न करा, एका टोकाकडे किंचित निमुळता. बुश त्यावर हलक्या हाताने दाबून बसवा आणि बाहेरचं टर्निंग त्यावरच करा. आता बाहेरचा गोल भोकाच्याच सेंटरवर येणार.

झाल्यावर बुशची जाडी चार ठिकाणी मोजा. चारही सारख्या हव्यात. आणि बोट पाण्यात उतरल्यावर, इंजिन बोल्ट कसून, कपलिंगच्या दोन तोंडांमध्ये फीलर गेज घालून चार बाजूंना गॅप बघा. किनाऱ्यावर जुळलेलं कपलिंग पाण्यात बोट बसली की हलू शकतं.

तिसरं: टूल पोस्ट

जुन्या टूल पोस्टमध्ये टूलच्या खाली पत्र्या घालत बसावं लागतं. टूलची धार जॉबच्या सेंटरला नसेल तर फेसिंगला मध्ये टोक राहतं, पार्टिंग टूल अडकतं, बारीक जॉब टूलवर चढतो. क्विक चेंज टूल पोस्टमध्ये प्रत्येक टूलचा वेगळा होल्डर असतो. उंची एकदा लावली की ते टूल पुन्हा लावलं तरी जवळजवळ त्याच जागी येतं.

घेण्याआधी एक माप घ्या: कंपाऊंड स्लाईडच्या वरच्या पृष्ठभागापासून स्पिंडलच्या सेंटरपर्यंतची उंची. टेलस्टॉकला सेंटर लावून ते मोजता येतं. हे माप विक्रेत्याला सांगा आणि आपल्या टूलची जाडीही सांगा. टूल पोस्ट मोठा आला तर होल्डर सगळ्यात खाली आणूनही धार सेंटरच्या वरच राहते, मग काही उपाय नाही. मिनी लेथला सगळ्यात लहान साईज.

बसवताना खाली टी-नट लागतो. नव्या पोस्टबरोबर येणारा टी-नट बहुतेक वेळा जाड, मुद्दाम मोठा ठेवलेला असतो. तो आपल्या खाचेच्या मापाला घासून किंवा मिलिंग करून घ्यावा लागतो. हे करून देणारा शहरात मिळतो. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मधला स्टड टी-नटच्या खालून बाहेर येता कामा नये. आला तर तो खाचेच्या तळावर टेकतो, वरून नट कसला की टी-नट वर ढकलला जातो आणि बिडाच्या खाचेची कड तुटते. बीड आहे ते. वाकत नाही, फुटतं. स्टडचे आटे शेवटी थोडे ठोकून बंद करा, म्हणजे तो खाली जात नाही.

टूल कोणतं? छोट्या लेथला कार्बाईड इन्सर्टची हौस करू नका. कार्बाईडला जोर आणि वेग लागतो. हँड ग्राइंडरवर धार लावलेलं हायस्पीडचं टूल छोट्या मशीनवर गोड चालतं. फेरे किती ठेवायचे त्याचा सोपा हिशोब: मटेरियलचा आकडा गुणिले 320, भागिले जॉबचा व्यास मिमीमध्ये. हायस्पीड टूलसाठी साध्या लोखंडाचा आकडा 25, स्टेनलेसचा 15, गनमेटलचा 40 धरा. म्हणजे 40 मिमीच्या गनमेटल बुशला साधारण 320 फेरे, 25 मिमीच्या स्टेनलेस पिनेला 190 च्या आसपास. स्टेनलेसवर टूल नुसतं घासत ठेवू नका. जागा कडक होते आणि पुढचा कट लागत नाही. धार ताजी, फीड एकसारखा.

चौथं: टेलस्टॉक आणि स्टेडी

फिरणारा सेंटर ही स्वस्तातली सगळ्यात उपयोगी वस्तू. मिनी लेथच्या टेलस्टॉकला बहुतेक मोर्स टेपर 2 नंबर असतो, पण बघून घ्या. टेपरच्या भोकात कपडा फिरवून मगच सेंटर घाला.

टेलस्टॉक लाईनमध्ये आहे का ते बघायला लांब गज दोन सेंटरमध्ये धरून दोन्ही टोकांना एकाच सेटिंगला बारीक कट घ्या. दोन्ही टोकांच्या व्यासात 0.10 मिमी फरक आला तर टेलस्टॉक त्याच्या निम्मा, म्हणजे 0.05 मिमी सरकवायचा. हे आधी सांगितलेली पिळाची तपासणी झाल्यावरच करा, नाहीतर एक चूक दुसरीत लपते.

स्टेडी रेस्ट आपल्या कामाला फार लागतो. मिनी लेथच्या स्पिंडलचं भोक साधारण 20 मिमीचं. आपला शाफ्ट त्यातून जात नाही. मग एक टोक चकमध्ये आणि दुसरं टोक स्टेडीवर. स्टेडी आपल्याच मशीनच्या बेडचा घ्या, दुसऱ्याचा बसेलच असं नाही. जिथे स्टेडीची बोटं टेकतात ती जागा गोल आणि साफ हवी. झिजलेल्या, खड्डे पडलेल्या जागेवर स्टेडी लावला तर तो खड्डा कामात उतरतो. बोटं पितळेची असली तर शाफ्ट खरवडत नाही. तेल किंवा ग्रीस देत राहा.

आणि खरं सांगायचं तर, दीड-दोन मीटरचा पंख्याचा शाफ्ट मिनी लेथवर होत नाही. दोन सेंटरमध्ये 350 मिमीच्या आसपासच जागा असते. त्यासाठी मोठ्या वर्कशॉपमध्येच जा. कधीही बारीक लांब गज हेडस्टॉकच्या मागून बाहेर लोंबकळता ठेवून मशीन चालू करू नका. वेगात तो वाकतो आणि चाबकासारखा फिरतो.

पाचवं: मापाचं सामान

इथे आता मीटरची पाळी. पण त्याआधी एक डायल गेज, एक मॅग्नेटिक स्टँड, एक चांगला मायक्रोमीटर. या तीन वस्तूंनी वरची सगळी कामं होतात.

डीआरओ घ्यायचा तर क्रॉस स्लाईडवर आधी. त्याने स्क्रूचा प्ले आड येत नाही, ही त्याची खरी सोय. स्केल स्लाईडला समांतर बसली पाहिजे. डायल गेज लावून दोन्ही टोकांना बघा. रीडिंग व्यासाचं की त्रिज्येचं ते सेटिंग तपासा. बरेच बुश इथे वाया जातात. टूल 0.05 मिमी पुढे गेलं तर व्यास 0.10 मिमीने कमी होतो. डायलवर त्रिज्या लिहिलेली असेल आणि आपण व्यास समजलो तर दुप्पट कापलं जातं. हातचाकाच्या डायललाही हेच. एका जाड रंगाने मशीनवरच लिहून ठेवा: "व्यास" किंवा "त्रिज्या".

स्वस्त स्केलमध्ये ओल गेली की आकडे उड्या मारतात. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत स्केलवर पत्र्याचं झाकण हवंच.

सहावं: मोटर, ड्राइव्ह आणि वीज

स्पीड हवा तसा फिरवता येतो म्हणून लोक ड्राइव्ह लावतात. साधा ड्राइव्ह थ्री फेज मोटरसाठी असतो. घरच्या सिंगल फेजवरून तो थ्री फेज मोटर चालवतो, पण जुनी कपॅसिटरची मोटर त्याला जोडून चालत नाही. ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये वेगळा स्विच बसवून चालू-बंद करू नका, ड्राइव्ह जळतो. कमी फेऱ्यांवर मोटरचा पंखाही हळू फिरतो, म्हणून ती तापते. जड कटला पट्टा किंवा गियर बदलूनच वेग कमी करा. वायरिंग लायसन्सवाल्या वायरमनकडून. अर्थिंग नसेल तर लेथला हात लावू नका. पावसात जमीन ओली, पाय ओले. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी या सगळ्या सामानापेक्षा आधी घ्या.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे लाईट जाते आणि कधीही येते. साध्या स्विचवर लेथ असेल तर लाईट आल्याबरोबर तो आपोआप फिरायला लागतो, आणि त्या वेळी कुणाचा तरी हात चकवर असतो. लाईट गेली की स्वतः बंद होणारा आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय चालू न होणारा स्टार्टर लावा. बाजूला लाल मशरूम बटण, डाव्या हाताला पोचेल असं.

काय घरी करू नये

पंख्याची शिअर पिन. छोट्या आऊटबोर्डला ती मुद्दाम मऊ असते. दगडाला किंवा जाळ्याला पंखा अडला की पिन तुटते आणि गियरबॉक्स वाचतो. "वारंवार तुटते" म्हणून कडक स्टीलची पिन केली तर पुढच्या वेळी गियरबॉक्स तुटेल. कंपनीने सांगितलेल्या मटेरियलचीच पिन, आणि दोन जास्तीच्या बोटीत.

सुकाणूचा दांडा, कपलिंगचे बोल्ट, इंजिनाच्या आतले बोल्ट. यातलं काहीही अंदाजाच्या मटेरियलने करू नका. भंगारातला गज दिसायला सारखा असतो, ताकद सारखी नसते.

खाऱ्या पाण्यात पितळेचा बुश नको. पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि उरतं ते तांब्याचं भुसभुशीत सांगाडं. गनमेटल किंवा कंपनीचा रबरी बुश वापरा. साधं लोखंड, स्टेनलेस आणि गनमेटल एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात राहिले की त्यातलं हलकं, म्हणजे लोखंड, आधी खाल्लं जातं. म्हणून जस्ताचा नग वेळेवर बदला, आणि त्यावर रंग मारू नका.

घरातल्या सगळ्यांसाठी

लेथ घरात आहे म्हणजे मुलंही तिथे, ताईही तिथे. चकची चावी कधीही चकमध्ये सोडायची नाही. हातातून सुटली की जागेवर. हातमोजे घालून लेथ चालवायचा नाही. मोजा अडकला की हात ओढला जातो. पूर्ण बाह्या, गळ्यातला गमछा, ओढणी, पदर, बांगड्या, मोकळे केस, यातलं काहीही फिरत्या चकजवळ नको. डोळ्यांना चष्मा. कीस हाताने ओढायचा नाही, आकडा करून ठेवा. मशीन बंद असतानाच मापायचं. मुलांना शिकवायचंच असेल तर त्यांच्या हातात डायल गेज द्या आणि चक हाताने फिरवायला सांगा. मोटर चालू करू देऊ नका.

काम झाल्यावर मशीन पुसा, तेलाचा हात फिरवा, वर जाड सुती कापड टाका. नुसतं प्लास्टिक टाकलं तर आत घाम धरतो आणि एका रात्रीत बेड तांबूस होतो. ओली जाळी, बर्फाचे खोके लेथपासून लांब ठेवा.

सोसायटीकडून

प्रत्येकाने सगळं विकत घ्यायची गरज नाही. डायल गेज, मॅग्नेटिक स्टँड आणि मायक्रोमीटर ऑफिसात ठेवले आहेत. वहीत नाव लिहून न्या, पुसून परत द्या. ज्याच्याकडे फोर-जॉ आहे त्याने शेजाऱ्याचा एक बुश ट्रू करून दिला तर बिघडत नाही. आणि जे काम आपल्या मशीनच्या आवाक्यात नाही ते शहरात द्यायला लाज नको.

त्या सभासदाने या बंदीत दुसरा बुश केला. लेथ तोच, मीटरही तेच. फक्त टेबलाला बोल्ट मारले, जिब कसल्या आणि मँड्रेल वापरला. चारही बाजूंची जाडी मोजून ऑफिसात आणून दाखवली. सारखी होती. बोट उतरवून कपलिंगची गॅपही बघून झाली आहे.

1 ऑगस्टला ती बाहेर पडेल. त्याआधी तुमच्या लेथचे पाय एकदा बघा, नाखवा. दर्याराजा सगळ्यांना सुखरूप परत आणो.